इथिओपियातल्या हेल्थ एक्स्टेन्शन बाया आल्या कुठून

इथिओपियात खेड्यापाड्यात घरोघरी जाऊन संडास, हात धुणं, बाळाचं लसीकरण, फॅमिली प्लॅनिंग हे सगळं शिकवणाऱ्या बायांचं आता जगभर कौतुक होतं, पण त्यांचा हा सरकारी हेल्थ एक्स्टेन्शन प्रोग्रॅम काही 2003 मध्ये एकदम आभाळातून पडलेला नाही.

सुरुवात बरीच मागे जाते. ताना सरोवराजवळच्या भागात मलेरियाची मोठी साथ आली आणि लगेच 1954 ला गोंडरला पब्लिक हेल्थ कॉलेज निघालं. डॉक्टर होते अगदी मोजके, म्हणून तिथे हेल्थ ऑफिसर, कम्युनिटी नर्स आणि सॅनिटेरियन (म्हणजे स्वच्छतेचं काम बघणारे) तयार करायला लागले, आणि पोरांना शिकतानाच खेड्यात पाठवायचे. आयडिया भारी होती, पण एवढ्या मोठ्या देशाला एक कॉलेज कुठे पुरणार.

मग 1974 ला राजेशाही गेली, दर्ग नावाची लष्करी राजवट आली, 1978 ला आल्मा-आटाची प्राथमिक आरोग्यावरची आंतरराष्ट्रीय परिषद झाली आणि 'सर्वांसाठी आरोग्य' ही घोषणा सगळीकडेच गाजली (त्याआधी आपल्याकडे जामखेडला आरोळे दाम्पत्याने गावातल्या बायकांनाच आरोग्यसेविका केलं होतं, तेही त्याच काळातलं). इथिओपियातही गावातून माणसं निवडून, थोडं ट्रेनिंग देऊन कामाला लावली, पण सरकारी पगार नाही, शेतकरी संघटनांनी सांभाळायचं. आता दुष्काळ आणि यादवी युद्धात संघटना कुठून सांभाळणार? 1991 ला राजवट पडली तोवर ते सगळं मोडकळीला आलेलं.

म्हणून 2003 च्या प्रोग्रॅममधली खरी नवी गोष्ट माझ्या मते एकच, पगार. दहावी झालेल्या स्थानिक मुली, एक वर्ष ट्रेनिंग, दर केबेलेला म्हणजे साधारण 5,000 लोकवस्तीला दोघी, आणि सरकारी नोकरी. आरोग्याचे 16 विषय. 2010 च्या आसपास अशा 30,000 च्या वर झाल्या. पद्धत शेतीखात्याकडून उचललेली, तिथे जसा आधी एक प्रगतशील शेतकरी तयार करतात आणि बाकीचे त्याचं बघून शिकतात तसं इथे 'मॉडेल फॅमिली'. घरातल्यांनी 96 तास ट्रेनिंग घ्यायचं, शिकलेलं घरात करून दाखवायचं, मग चक्क सर्टिफिकेट.

फरक पडला का, तर संडासाच्या बाबतीत तरी नक्की. 1990 ला 90 टक्क्यांच्या वर लोक उघड्यावर जायचे, 2015 पर्यंत ते 30 च्या खाली आलं. सगळं श्रेय एकट्या या प्रोग्रॅमचं नाही अर्थात, आणि खड्डा खणला म्हणजे रोज वापरला असंही नाही.

आणि गंमत बघा, दोघींना 5,000 लोक झेपेनात म्हणून 2011 च्या सुमारास 'विमेन्स डेव्हलपमेंट आर्मी' काढली, एका बाईने शेजारच्या पाच घरांकडे बघायचं, आणि ते परत फुकटात! पुढे संशोधकांनी त्या बायकांशी बोलून लिहिलं की यातल्या बऱ्याच जणी स्वतःच अतिशय गरीब, आणि घरचं काम सांभाळून हे वरचं काम. आपल्या आशाताई मानधनासाठी संप करतात तेव्हा तरी निदान पेपरात येतं.