क्रीजमधला पाय: १९९९च्या एका गोलची पार्श्वभूमी

बर्फावरच्या हॉकीच्या एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या लीगचे प्लेऑफ एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत चालतात. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या शहरांत रात्री आठला सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे साडेपाचला लागतो. त्यामुळे ओव्हरटाइम म्हणजे दुसरा चहा आणि दुसरा ओव्हरटाइम म्हणजे ऑफिसला उशीर. अशाच एखाद्या सकाळी गोल होतो, भोंगा वाजतो, खेळाडू एकमेकांच्या अंगावर झेपावतात आणि मग पंच बाजूला जाऊन टॅब्लेटवर रिप्ले बघत बसतो. गोलकीपरला अडथळा झाला का, हे ठरायला कधीकधी पाच-पाच मिनिटं जातात. अशा वेळी जुन्या चाहत्यांच्या बोलण्यात १९९९च्या अंतिम लढतीत डॅलसने बफेलोविरुद्ध केलेला वादग्रस्त गोल हटकून येतो. त्या वर्षी काय झालं आणि त्याचे धागे आजच्या नियमांपर्यंत कसे येतात, त्याची ही नोंद.

आधी एक शब्द सोडवून घ्यावा लागेल, कारण मराठी वाचकाचा घोळ तिथेच होतो. क्रीज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चुन्याची रेघ येते. बॅट रेघेच्या आत टेकली की फलंदाज वाचला. म्हणजे क्रिकेटमध्ये क्रीज हे आसऱ्याचं ठिकाण. बर्फावर क्रीज म्हणजे गोलच्या तोंडाशी निळ्या रंगाने भरलेला तुकडा. तिथेही आसरा आहे, पण तो फक्त गोलकीपरला. मैदानी हॉकीच्या ‘डी’शी तुलना करावी तर गाडी आणखी रुळावरून घसरते: तिथे डीच्या आत येऊन चेंडूला स्टिक लागल्याशिवाय गोलच धरत नाहीत. एका हॉकीत आत या, दुसरीत आत येऊ नका. खरं साम्य आहे ते कबड्डीच्या लॉबीशी. स्पर्श होण्याआधी चढाईपटूचा पाय लॉबीत पडला तर तो बाद. स्पर्श झाला, झटापट सुरू झाली, की तीच लॉबी खेळात धरली जाते. जागा तीच, पाय तोच, फरक फक्त आधी काय घडलं याचा. १९९९चा सगळा वाद याच ‘आधी’वर उभा आहे.

फार मागे जायची गरज नाही. या लीगच्या विजेत्याला मिळणारा स्टॅन्ली कप १८९२ मध्ये दान मिळाला, १८९३ मध्ये पहिल्यांदा दिला गेला, १९१९ ची अंतिम लढत साथीच्या तापामुळे अर्धवट राहिली आणि १९२७ पासून कप प्रत्यक्षात एनएचएल या एकाच लीगचा झाला. प्लेऑफमध्ये बरोबरी झाली तर गोल होईपर्यंत खेळत राहायचं, ही रीत जुनीच. १९३६ मध्ये एक सामना सहाव्या ओव्हरटाइमपर्यंत गेला होता. साखळी सामन्यांत आता तीन-तीन खेळाडूंचा छोटा ओव्हरटाइम आणि पेनल्टी शॉट्स आहेत. प्लेऑफला तो उपाय लागू नाही, आणि माझ्या मते नसावाच.

नव्वदच्या दशकात दोन गोष्टी एकत्र आल्या. गोलकीपरच्या अंगावर जाऊन, त्याला ढकलून गोल करण्याचे प्रकार वाढल्याची ओरड होती, म्हणून क्रीजचा नियम कडक केला: पक (चेंडूऐवजी वापरतात ती रबराची चकती) क्रीजमध्ये येण्याआधी हल्ला करणाऱ्या संघातल्या कुणाचाही पाय आत असेल, तर गोल रद्द. त्याच सुमारास व्हिडिओ रिप्लेही आला होता. नुसत्या डोळ्यांनी बघणाऱ्या पंचाला असा नियम थोडा सैल हाताने लावता येतो. कॅमेऱ्याला सैल हात नसतो. स्केटचं टोक बोटभर निळ्या रंगावर आहे, गोलकीपर त्याच्यापासून चार हात लांब आहे, अडथळा कुणालाच झालेला नाही, तरीही गोल रद्द, असे निर्णय त्या काळात नेहमीचे झाले. प्रेक्षक वैतागले, खेळाडू वैतागले. पण सगळ्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की केली: पाय आत असेल तर गोल नाही.

मग तो जून आला. अंतिम लढतीत (जो आधी चार सामने जिंकेल त्याचा कप) डॅलस ३-२ ने पुढे, सहावा सामना बफेलोत. बफेलोचा संघ १९७० पासून लीगमध्ये होता आणि तोवर त्याने एकदाही कप जिंकला नव्हता. १९ जूनच्या रात्री सुरू झालेला सामना साठ मिनिटांनंतर १-१ असा बरोबरीत होता. पहिला ओव्हरटाइम गेला, दुसरा गेला. तिसऱ्यात १४ मिनिटं ५१ सेकंद झाली असताना, घड्याळात मध्यरात्र कधीच उलटून गेलेली असताना, गोलच्या तोंडाशी झटापट झाली. गोलकीपरला लागून पक बाहेर आला, डॅलसच्या खेळाडूने तो डाव्या पायाने आपल्याच स्टिककडे ढकलला आणि आत मारला. फटका मारताना पक क्रीजच्या बाहेर होता. डावा पाय आत होता.

पुढच्या मिनिटाभरात जे झालं ते मला गोलपेक्षा महत्त्वाचं वाटतं. डॅलसचा अख्खा संघ बर्फावर उतरला, मागोमाग छायाचित्रकार उतरले, कप आणण्याची तयारी सुरू झाली. बफेलोचे खेळाडू मान खाली घालून खोलीत गेले आणि तिथल्या टीव्हीवर रिप्ले बघून त्यांच्या लक्षात आलं की पाय आत होता. वर्षभर ज्या कारणासाठी खेळ थांबवून फोन फिरवले जात होते, त्या कारणासाठी या रात्री कुणी खेळ थांबवल्याचं प्रेक्षकांना दिसलं नाही. लीगचं म्हणणं असं की रिप्ले तपासला होता आणि त्यात आक्षेपार्ह काही सापडलं नाही. तपासला असेलही. पण साखळीतल्या कुठल्याशा मंगळवारच्या सामन्यात जेवढा गाजावाजा व्हायचा, तेवढाही कप ठरवणाऱ्या गोलसाठी झाला नाही, हे बफेलोवाल्यांना खटकलं तर त्यात नवल नाही.

लीगने दिलेलं स्पष्टीकरण मुळात चुकीचं नव्हतं, हेही सांगायला हवं. त्यांचं म्हणणं होतं की खेळाडूने पकवर आधीच ताबा मिळवला होता आणि ताबा असलेला खेळाडू पकच्या आधी क्रीजमध्ये गेला तरी चालतं. मधे पक गोलकीपरला लागून उसळला म्हणून तो ताबा मोडत नाही. म्हणजे पुन्हा लॉबीचाच प्रकार: स्पर्श आधी झालाय, आता पाय कुठेही पडू दे. हा खुलासा त्याच मोसमात संघांना एका पत्रकाने कळवला होता, असंही सांगण्यात आलं. अडचण अशी की ते पत्रक प्रेक्षकांपर्यंत पोचलेलं नव्हतं आणि उसळलेल्या पकवर ‘ताबा’ कसला, याचं उत्तर ज्याच्या त्याच्या संघाप्रमाणे बदलतं. मला विचाराल तर पहिल्या फटक्यानंतर ताबा सुटला होता. पायाने पक पुन्हा मिळवला तेव्हा पाय आतच होता. डॅलसचे चाहते याच चित्रफितीकडे बोट दाखवून उलटं सांगतील. ते पंचवीस वर्षं सांगतच आहेत.

ज्या नियमावरून हे रामायण झालं, तो नियम त्याच उन्हाळ्यात गेला. नुसता पाय आत आहे म्हणून व्हिडिओ बघून गोल रद्द करणं बंद झालं. गोलकीपरला खरोखर अडथळा झाला का, हे बर्फावरच्या पंचाने ठरवायचं, असं ठरलं. आपल्याकडच्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. १४ जुलै २०१९ ला लॉर्ड्सवर विश्वचषक चौकारांच्या मोजणीवर दिला गेला, २६ विरुद्ध १७, आणि तीन महिन्यांत ती मोजणी बाद झाली. फुटबॉलमध्ये २०१० च्या विश्वचषकात रेषेच्या हातभर आत पडलेला इंग्लंडचा गोल दिला गेला नाही, आणि २०१२ मध्ये गोलरेषेच्या तंत्राला मान्यता मिळाली. नियम बदलतो, पण ज्याचा निकाल लागला त्याचा लागलेलाच राहतो.

बफेलोत ‘नो गोल’ हे दोन शब्द गाड्यांच्या बंपरवर चिकटले. त्या शहराला अशा जखमांची सवय होती. अमेरिकन फुटबॉलमधला त्यांचा संघ नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लागोपाठ चार अंतिम सामने हरला होता. पहिला तर किक उजवीकडून बाहेर गेल्यामुळे. हॉकीच्या या प्रकरणाला सात महिने होत नाहीत, तोच ८ जानेवारी २००० ला याच फुटबॉल संघाला प्लेऑफमध्ये शेवटच्या काही सेकंदांत झालेल्या एका आडव्या पासने घरी पाठवलं. तो पास पुढे गेला होता (तसा असता तर अवैध ठरला असता) की आडवा, यावर बफेलोत आजही एकमत आहे आणि बाकी अमेरिकेत नाही. हॉकी संघाचं पुढे आणखी बिनसलं. २०११-१२ पासून २०२४-२५ पर्यंत सलग चौदा मोसम त्यांना प्लेऑफचं तोंडही दिसलं नाही. लीगच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा दुष्काळ.

व्हिडिओने दार सोडलं नाही, तो दुसऱ्या वाटेने परत आला. २०१५-१६ पासून प्रशिक्षकाला दाद मागायची मुभा मिळाली: ऑफसाइड (पकच्या आधी निळी रेषा ओलांडून हल्ल्याच्या भागात शिरणं) आणि गोलकीपरला अडथळा या दोन कारणांसाठी. लगेच पुन्हा स्केटचा तोच बोटभर हिशोब सुरू झाला, या वेळी निळ्या रेषेवर. पाय रेषेच्या वर हवेत असेल तर खेळाडू ऑफसाइड धरला जायचा. कॅमेरे त्या हवेतल्या पायावर खिळायचे. ते २०२०-२१ मध्ये बदललं. आता पाय रेषेच्या वर हवेत असला तरी चालतो.

त्याआधी २०१९ च्या वसंतात दोन प्रसंग झाले, दोन्हींत सॅन होजेचा संघ. पहिल्या फेरीच्या सातव्या सामन्यात वेगास ३-० ने पुढे असताना पंचांनी एका धक्क्याला पाच मिनिटांची शिक्षा दिली (तेवढा वेळ संघ एक खेळाडू कमी घेऊन खेळतो), त्या पाच मिनिटांत सॅन होजेने चार गोल केले, वेगासने नंतर बरोबरी साधली आणि ओव्हरटाइममध्ये सॅन होजेने सामना खिशात घातला. लीगने नंतर वेगासची माफी मागितली. पुढे सेंट लुइसविरुद्ध हाताने दिलेल्या पासवरून ओव्हरटाइमचा गोल झाला. चारही पंचांच्या नजरेतून तो निसटला आणि त्या वेळच्या नियमांत असा पास रिप्लेवर तपासताच येत नव्हता. सेंट लुइसचं नशीब बरं, मालिकाही त्यांनी जिंकली आणि संघाचा पहिला कपही. त्याच उन्हाळ्यात मोठ्या शिक्षांचा रिप्ले बघायची परवानगी पंचांना मिळाली, दाद मागण्याची कारणं वाढली आणि कुठलीही दाद फसली तर दोन मिनिटांची शिक्षा लागू झाली. दुसऱ्यांदा फसली तर चार मिनिटं.

हल्लीच्या नियमांत हल्ला करणाऱ्याने क्रीजमध्ये उभं राहणं हा आपोआप गुन्हा ठरत नाही. गोलकीपरची हालचाल अडली का, एवढंच बघतात. ओव्हरटाइममध्ये प्रशिक्षकाला दाद मागता येत नाही, तपासणी लीगच सुरू करते. म्हणजे १९९९ चा तो गोल आज झाला असता तर लीगने बहुधा रिप्ले बघितला असता, गोल कायम राहिला असता आणि सामना तिथेच संपला असता.