धर्म आणि आत्महत्या : एका जुन्या निष्कर्षाची पार्श्वभूमी

ख्रिस्ती धर्माच्या दोन प्रमुख पंथांपैकी कॅथलिकांपेक्षा प्रोटेस्टंटांमध्ये आत्महत्येचे प्रमाण अधिक असते, हे विधान समाजशास्त्रात इतके रूढ झाले होते की 1981 मध्ये दोन अमेरिकी अभ्यासकांनी ते ‘समाजशास्त्राचा एकमेव नियम’ या नावानेच तपासायला घेतले. त्या नियमाचे श्रेय सहसा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्यूरकेम यांच्या 1897 च्या आत्महत्येवरील ग्रंथाला दिले जाते. प्रत्यक्षात ही तफावत त्यांच्या आधीच नोंदली गेली होती. 1864 मध्ये जर्मनीत आडोल्फ वाग्नर यांनी आणि 1879 मध्ये इटलीत एनरिको मोर्सेली यांनी धर्मनिहाय आकडे मांडले होते. द्यूरकेम यांनी त्या आकड्यांना सिद्धान्त दिला. प्रोटेस्टंट पंथात व्यक्तीला स्वतंत्र विचाराची मुभा अधिक असल्याने समाजाशी तिची वीण सैल होते आणि या सैलपणामुळे आत्महत्या वाढतात, असे त्यांनी प्रतिपादन केले.

द्यूरकेम यांचे परिश्रम मोठे होते. त्यांचे भाचे मार्सेल मोस यांनी फ्रान्सच्या न्यायखात्यातील सुमारे 26,000 आत्महत्यांची प्रकरणे वय, लिंग, विवाह आणि अपत्ये यांनुसार वेगळी केली. धर्माविषयीचा युक्तिवाद मात्र या प्रकरणांवर उभा नव्हता. तो प्रशिया व बव्हेरिया ही जर्मन राज्ये, स्वित्झर्लंड अशा प्रदेशांच्या सरासरी दरांवर आधारलेला होता. प्रोटेस्टंट असूनही इंग्लंडचा दर कमी होता, तेव्हा तेथील चर्चची संघटना अधिक घट्ट असल्याचा खुलासा त्यांनी केला. नियमाला अपवाद आढळल्यावर असा खुलासा जोडणे मला त्या ग्रंथातील कच्चा दुवा वाटते.

पहिला गंभीर आक्षेप द्यूरकेम यांच्याच परंपरेतून आला. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोरिस हाल्बवाक्स यांनी 1930 मध्ये दाखवून दिले की कॅथलिक लोक मोठ्या प्रमाणावर खेड्यांत आणि शेतीवर राहत होते, तेव्हा जो फरक धर्माचा म्हणून सांगितला जातो तो राहणीचाही असू शकतो. 1950 मध्ये अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी अमेरिकेच्या 1930 च्या जनगणनेच्या आधारे याहून मूलभूत अडचण मांडली. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक अधिक होते तेथे साक्षरता अधिक होती. पण एकेका व्यक्तीची माहिती पाहिली तर परदेशात जन्मलेले लोकच कमी साक्षर होते. समूहाच्या सरासरीवरून व्यक्तीविषयी निष्कर्ष काढणे किती फसवे असते, ते यावरून स्पष्ट झाले. एखाद्या प्रोटेस्टंट जिल्ह्यातील आत्महत्या तेथील अल्पसंख्य कॅथलिकांच्याही असू शकतात, आणि जिल्ह्याचा दर त्याबद्दल काहीच सांगत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो आकड्यांच्या जन्मापाशी जातो. अधिकृत आकडा म्हणजे कोणीतरी घेतलेल्या निर्णयांची बेरीज असते, हे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ जॅक डग्लस यांनी 1967 मध्ये आग्रहाने मांडले. मृत्यूचे कारण लिहिणारा डॉक्टर वा अधिकारी त्याच समाजात राहतो आणि कुटुंबाचे दुःख व भीती त्याला दिसत असते. 1917 च्या कॅथलिक धर्मसंहितेनुसार जाणूनबुजून जीव देणाऱ्यास चर्चचा दफनविधी नाकारला जात असे. हा नियम 1983 च्या संहितेत उरला नाही. ज्या धर्मात आत्महत्या अधिक निषिद्ध, त्या धर्मात ती लपवण्याचे कारणही अधिक. म्हणजे ज्याचा परिणाम मोजायचा, तोच घटक मोजमापावरही परिणाम करतो.

ही शंका 1996 मध्ये फ्रान्स व्हान पॉपेल आणि लिंकन डे यांनी नेदरलँड्सच्या 1905 ते 1910 या काळातील मृत्युनोंदींवर पडताळून पाहिली. त्या नोंदींत मृताचा धर्म आणि मृत्यूचे कारण दोन्ही होते, त्यामुळे प्रदेशाच्या सरासरीचा आधार घ्यावा लागला नाही. कॅथलिकांचे अनेक मृत्यू ‘आकस्मिक’ किंवा ‘कारण अस्पष्ट’ या रकान्यांत गेलेले आढळले, आणि प्रोटेस्टंटांशी असलेली तफावत या नोंदीच्या पद्धतीनेच समजावून सांगता येते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

तरीही वाद मिटला नाही. साशा बेकर आणि लुडगर व्होसमन यांनी 19व्या शतकातील प्रशियाच्या 452 जिल्ह्यांचा अभ्यास केला. प्रोटेस्टंट पंथ ज्यांच्यापासून सुरू झाला त्या मार्टिन ल्यूथर यांच्या विटेनबर्ग या गावातून तो पसरला, म्हणून त्या गावापासूनच्या अंतराचा संख्याशास्त्रीय आधार घेऊन त्यांनी प्रोटेस्टंट पंथाचा परिणाम खरा असल्याचे मांडले. स्वित्झर्लंडमध्ये 2000 च्या जनगणनेतील व्यक्तींच्या नोंदी मृत्युनोंदींशी जोडल्या, तेव्हा 35 ते 94 या वयोगटात लाखामागे दर कॅथलिकांत 19.7, प्रोटेस्टंटांत 28.5 आणि धर्म न मानणाऱ्यांत 39.0 आढळला. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी परिचारिकांच्या अभ्यासात नियमित चर्चला जाणाऱ्या स्त्रियांत आत्महत्येचे प्रमाण सुमारे पाच पटींनी कमी होते. पण 89,708 स्त्रियांत आत्महत्या एकूण 36 होत्या, आणि ज्यांना नैराश्याने घराबाहेर पडणेच जड जाते त्या चर्चला जात नाहीत, ही शक्यता अशा अभ्यासाला पूर्णपणे दूर सारता येत नाही.

भारतात हाच पेच निराळ्या शब्दांत भेटतो. आपल्याकडे पोलीस ठाण्यात प्रथम ‘अकस्मात मृत्यू’ अशीच नोंद होते, आणि तिचे पुढे काय होते ते पंचनामा, शवविच्छेदन आणि नातेवाइकांचे जबाब यांवर ठरते. आत्महत्येचा प्रयत्न भारतीय दंड संहितेच्या कलम 309 खाली दीर्घकाळ गुन्हा होता. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने त्याची धार बोथट केली आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम सर्वसाधारण रूपात राहिले नाही. 2014 या वर्षाचे धर्मनिहाय आकडे माहितीच्या अधिकारातून बाहेर आले, तेव्हा लाखामागे ख्रिस्ती 17.4, हिंदू 11.3, मुस्लिम 7 आणि शीख 4.1 असे दर छापून आले. केरळ व तमिळनाडूत ख्रिस्ती वस्ती मोठी आहे आणि तेथे सर्वच धर्मीयांसह एकूण दर चढा आहे. उलट ख्रिस्तीबहुल नागालँडचा दर देशात सर्वांत कमी दरांपैकी एक आहे. हाल्बवाक्स यांचा आक्षेप येथे जसाच्या तसा लागू पडतो.

त्याखेरीज नोंदीचा प्रश्न उरतोच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने 2010 मध्ये 1,34,599 आत्महत्या नोंदल्या. घरोघरी जाऊन मृत्यूंची चौकशी करणाऱ्या आणि डॉक्टरांकडून कारण ठरवून घेणाऱ्या देशव्यापी पाहणीच्या आधारे त्याच वर्षीचा अंदाज 15 वर्षांवरील लोकांतच सुमारे 1,87,000 निघाला. मधल्या पन्नास हजारांहून अधिक माणसांत कोणत्या धर्माचे किती होते, ते धर्मनिहाय दर सांगणाऱ्या कोणत्याही सरकारी तक्त्यात नाही.