ओडिसियसचं सोंग नेमकं कुणासाठी?

'वीस वर्षांनी घरी परतलेला ओडिसियस भिकाऱ्याच्या वेशात आला, कारण त्याला बायकोचं पातिव्रत्य तपासायचं होतं.' ट्रॉयच्या युद्धावर गेलेल्या या ग्रीक राजाबद्दलचं हे वाक्य वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतंय. ते अगदीच निराधार नाही. बायकोचीही पारख तू आधी करशीलच, असं खुद्द अथीना देवी त्याला म्हणते. पण सोंगाचं मुख्य कारण वेगळं.

होमरच्या 'ओडिसी' या प्राचीन ग्रीक महाकाव्याचा १३वा सर्ग काढा. वेश बदलण्याची कल्पना अथीनाची, आणि विषय असतो ओडिसियसची बायको पेनेलोपी हिच्याशी लग्न करायला घरात ठाण मांडून बसलेल्यांचा काटा कसा काढायचा हा. १६व्या सर्गात ओडिसियसचा मुलगा त्यांची मोजदाद करतो: ५२, २४, २० आणि १२. एकूण १०८! त्या मुलाच्याही जिवावर ते टपलेले. ओडिसियस उघडपणे दारात उभा राहिला असता, तर संपलाच. ११व्या सर्गात ट्रॉयच्या युद्धातला ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन याचा आत्मा त्याला हेच बजावतो: गुपचूप जा. अगामेम्नॉन स्वतः घरी परतताच मारला गेला होता.

१९वा सर्ग तर वाचाच. ओडिसियसचे पाय धुताना त्याची म्हातारी दाई जुना वण ओळखते. पाय हातातून सुटतो, घंगाळ कलंडतं, पाणी सांडतं. तो तिचा गळाच धरतो: चकार शब्द काढू नकोस. ही जिवाची धास्ती आहे, संशय नव्हे.

खरी परीक्षा घेते ती पेनेलोपी, २३व्या सर्गात. पलंग बाहेर काढून टाक, असं ती दाईला सहज सांगते. तो भडकतो. जमिनीत रुजलेल्या ऑलिव्हच्या बुंध्यावर त्यानेच बांधलेला पलंग हलेल कसा? तेव्हा कुठे तिची खात्री पटते.