खलनायकाचा प्लॅन आणि दिव्यांची माळ

रविवारी सकाळी पोहे-जिलबी आणायला निघालो की नववीतला भाचा सोबत येतो, आणि पोह्यांवर शेव-जीरावन पडेपर्यंत एखादा वाद उकरून काढतो. परवाचा वाद असा: ‘मामा, कॉमिक्समध्ये डोकं व्हिलनचंच जास्त चालतं. लेक्स लूथर बघ, डॉक्टर डूम बघ. वर्षानुवर्षं प्लॅन करतात बिचारे. हिरो शेवटच्या चार पानांत येतो आणि नशिबाने जिंकतो.’ गाडीशी उभ्या एका अनोळखी गृहस्थांनीही ‘सही बोल रहा है भिया’ म्हणून दुजोरा दिला. मी एकटा पडलो. त्या दिवशी तोंडात पोहे असल्यामुळे जे बोलता आलं नाही, ते इथे लिहितो.

आधीच सांगतो, मी तटस्थ नाही. घरात मराठी, गल्लीत हिंदी अशा इंदुरात वाढलो. भाड्याने आणलेलं कॉमिक संध्याकाळच्या आत परत करायचं असे, म्हणून चार भावंडं एकाच पुस्तकावर ओणवी होऊन वाचायची आणि पान उलटण्यावरून मारामाऱ्या व्हायच्या. प्राण यांचे चाचा चौधरी (जन्म १९७१, ‘लोटपोट’मध्ये) आणि अनुपम सिन्हांचा सुपर कमांडो ध्रुव (१९८७) ही आमची दैवतं. ध्रुवाकडे दिव्य शक्ती नव्हती. सर्कशीत वाढलेला मुलगा, हाताशी असेल त्यातून मार्ग काढणारा. तो नशिबाने जिंकतो असं कुणी म्हटलं तर मला आजही राग येतो.

आता खलनायकाचा नमुनेदार बेत घेऊ. संग्रहालयातून हिरा चोरायचा. त्या हिऱ्यावर किरणयंत्र चालवायचं. यंत्र उपग्रहावर चढवायचं. उपग्रह बरोबर मध्यरात्री शहरावर यायला हवा, त्याच वेळी हिरो शहराच्या दुसऱ्या टोकाला अडकलेला हवा, साथीदारांपैकी कुणी फितूर होता कामा नये... अशा दहा पायऱ्या धरू. प्रत्येक पायरी जमण्याची शक्यता ९० टक्के. ऐकायला उत्तम. पण सगळ्या जमायला हव्यात, म्हणजे ०.९ ला ०.९ ने गुणत जायचं, दहा वेळा. उत्तर येतं जेमतेम ०.३५. पायऱ्या वीस केल्या तर ०.१२. वाचताना जो बेत जितका थोर वाटतो, तो गुणाकारात तितकाच गळत असतो. लेखकाला शेवट ठाऊक असतो, तो मागून पुढे लिहितो, म्हणून शेवटून दुसऱ्या पानापर्यंत खलनायकाच्या सगळ्या पायऱ्या बिनबोभाट जमतात.

शाळेत शिकलेली एकसर जोडणी आठवा. अनंत चतुर्दशीला आपल्याकडे इंदुरात गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे फिरते देखावे, रात्रभर निघतात. त्यांच्यावरच्या जुन्या माळांमध्ये बारक्या व्होल्टचे बल्ब एकापुढे एक जोडलेले असत, एक उडाला की अख्खी माळ अंधारात. खलनायकाचा बेत ही एकसर माळ आहे. उपाय शाळेतच शिकवलेला आहे: समांतर जोडणी, पर्याय ठेवा.

पण पर्याय ठेवायचा कुठे? मला या विषयात सगळ्यांत आवडतो तो हाच भाग, म्हणून जरा थांबतो.

समजा तुमच्याकडे वीस बल्ब आहेत आणि प्रत्येक बल्ब रात्रभर टिकण्याची शक्यता ९० टक्के. पहिली पद्धत: दहा-दहाच्या दोन स्वतंत्र माळा करा, एक विझली तर दुसरी. एक माळ विझण्याची शक्यता १ वजा ०.३५, म्हणजे ०.६५; दोन्ही विझण्याची ०.६५ गुणिले ०.६५, म्हणजे ०.४२. उजेड राहण्याची शक्यता ५८ टक्के. दुसरी पद्धत: माळ एकच, पण दहाही जागी बल्बांची समांतर जोडी. एका जागी दोन्ही बल्ब उडण्याची शक्यता ०.१ गुणिले ०.१, म्हणजे शंभरात एक. त्या जागी वीज पुढे जाण्याची शक्यता ०.९९, आणि दहा जागांची मिळून ०.९९ चा दहावा घात: ९० टक्के! बल्ब तेच वीस, खर्च तोच. एकीकडे ५८, दुसरीकडे ९०.

असं का होतं? दोन माळांमध्ये इथला तिसरा बल्ब उडाला आणि तिथला सातवा उडाला की काम संपलं. बाकीचे अठरा धडधाकट असूनही निरुपयोगी. जोड्यांच्या माळेत हेच दोन बल्ब उडाले तर काहीच बिघडत नाही, कारण प्रत्येकाचा जोडीदार शाबूत आहे. दोन्ही अपघात एकाच जागी झाले तरच अंधार. सूत्र हवं असणाऱ्यांसाठी: प्रत्येक पायरीची शक्यता य आणि पायऱ्या न असतील, तर दोन्ही उत्तरांत ‘य चा न-वा घात’ हा अवयव सामाईक असतो. तो काढून टाकला की दोन माळांकडे ‘२ वजा (य चा न-वा घात)’ उरतो आणि जोड्यांकडे ‘(२ वजा य) चा न-वा घात’. आपल्या आकड्यांत १.६५ विरुद्ध २.५९. न वाढवत गेलात तर पहिला आकडा दोनच्या खालीच अडकतो, दुसरा मात्र वाढतच सुटतो. (माझी बहीण हे वाचताना इथे चहा टाकायला उठली. तिचं बरोबर आहे.) बेभरवशाच्या भागांतून भरवशाचं यंत्र कसं बांधावं यावर गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९५६ साली सविस्तर लिहिलं, तेव्हा मेंदूही असंच काही करत असावा हा विचार त्यांच्या मनात होता.

आता कॉमिक्सकडे परत. खलनायक फसला की काय करतो? ‘पुन्हा भेटू’ म्हणत पळतो आणि पुढच्या अंकात कोरा करकरीत बेत घेऊन येतो. पहिला हिरा, पहिलं यंत्र, सगळं भंगारात. हीच दोन माळांची पद्धत. ध्रुव मात्र बेत टाकून देत नाही. दोर तुटला तर स्टारलाइन ही त्याची खास दोरी, वाट अडली तर पक्ष्यांची मदत. पर्याय त्याच पायरीवर सापडतो आणि माळ पुढे पेटलेली राहते. भाचा ज्याला नशीब म्हणतो ते हे. चाचा चौधरींची युक्ती आणखी सोपी: माळच लहान ठेवायची. चोराला आमिष दाखवा, मग धिप्पाड साथीदार साबूला हाक मारा. दोनच कड्या, ८१ टक्के.

खलनायकांमध्ये शहाणे नाहीत असं नाही. ‘वॉचमेन’ या १९८६-८७ च्या गाजलेल्या कॉमिक मालिकेतला ओझिमँडियस आपला बेत नायकांना सांगतो, पण पस्तीस मिनिटांपूर्वीच तो पार पाडून झाल्यावर. बाकीचे खलनायक हिरोला बांधून भाषण ठोकतात, म्हणजे स्वतःच्या माळेत ‘हिरो ऐकून घेईल’ हा सगळ्यांत कच्चा बल्ब स्वहस्ते जोडतात. आणि डॉक्टर डूम (१९६२ पासून) तर माझ्या मते खलनायकांमधला खरा अभियंता. त्याला हरवलं म्हणून टाळ्या वाजवाव्यात तर कळतं की तो डूमबॉट होता, हुबेहूब नक्कल. समांतर जोडणी!

याच गुणाकाराचा एक घरगुती उपयोग. ‘हे सगळं त्यांनी वीस वर्षांपूर्वीच ठरवलं होतं’ छापाचे व्हॉट्सअ‍ॅप निरोप आमच्या सोसायटीच्या गटावर दर आठवड्याला येतात. अशा कटात पाचशे माणसं सामील धरली आणि प्रत्येक जण तोंड बंद ठेवण्याच्या बाबतीत ९९ टक्के भरवशाचा धरला, तरी गुपित टिकण्याची शक्यता एक टक्काही भरत नाही. पत्रिका बघून ‘नोकरी या साली, लग्न त्या साली, घर त्यानंतर’ अशी अख्खी माळ एका बैठकीत गुंफून देणाऱ्यांनाही हा हिशेब विचारून पाहा. दक्षिणा देण्यापूर्वी.

इथवर मी एक गोष्ट गुपचूप गृहीत धरली आहे. शक्यतांचा असा गुणाकार तेव्हाच चालतो, जेव्हा एका बल्बचं उडणं दुसऱ्याच्या उडण्याशी संबंधित नसतं. ४ जून १९९६ रोजी एरियान-५ रॉकेटचं पहिलं उड्डाण झालं. दिशा सांगणारी यंत्रणा एक, शिवाय तिची राखीव जोडीदार. दोघींत सॉफ्टवेअर तेच. एका मोठ्या संख्येचं १६ बिटांच्या चौकटीत न मावणं दोघींना सारखंच भोवलं. राखीव यंत्रणा आधी बंद पडली, मुख्य तिच्या पाठोपाठ, आणि उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आत रॉकेटचे तुकडे झाले. समांतर जोडलेल्या दोन्ही बल्बना एकच सदोष वायर.

नेमकी हीच चूक बॅटमॅनने केली आहे, आणि आराखड्यांच्या बाबतीत त्याच्याइतका काटेकोर हिरो दुसरा नाही. २००० साली आलेल्या जस्टिस लीगच्या, म्हणजे त्याच्या सुपरहिरो-संघाच्या, एका कथेत उघड होतं की, आपले सहकारी कधी बिघडले तर त्यांना कसं रोखायचं याचे एकेकाचे वेगळे आराखडे त्याने लिहून ठेवले होते. विचार सुज्ञ. पण ते सगळे ठेवले एकाच ठिकाणी. त्याचा शत्रू रास अल घूल याच्या माणसांनी ते चोरले आणि अख्खी लीग जवळपास एकदमच आडवी झाली. पुढे सहकाऱ्यांनी मतदान घेऊन बॅटमॅनला बाहेरचा रस्ता दाखवला. भांडण विश्वासघाताचं होतं, पण माझी तक्रार साठवणुकीबद्दल आहे. सुपरमॅनला थोपवण्याचा कागद आणि फ्लॅशला थोपवण्याचा कागद एका कपाटात कोण ठेवतं?

पुढच्या रविवारी हे सगळं भाच्याला ऐकवलं. त्याने शांतपणे जिलबी संपवली, बोटं चाटली आणि म्हणाला, ‘पण मामा, डूमबॉट सगळे डूमसारखाच विचार करतात ना? मग एकाला जी युक्ती फसवेल ती सगळ्यांनाच फसवेल. तुझ्या रॉकेटसारखंच झालं की.’

मी पाव किलो जिलबी आणखी बांधायला सांगितली.