कॅट-बॅक की डाउनपाइप? ‘फ्री-फ्लो’ या एका शब्दात लपलेली दोन कामं

‘पिकअपला फ्री-फ्लो (धुराला कमी अडवणारा सायलेन्सर) टाकलाय’ असं कुणी सांगितलं की माझा पहिला प्रश्न असतो : कुठून कुठपर्यंत? बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘अरे, पूर्ण सायलेन्सर बदललाय.’ पण ‘पूर्ण’ या शब्दाखाली गॅरेजमध्ये दोन अगदी वेगळी कामं चालतात. एकात, म्हणजे कॅट-बॅकमध्ये, गाडीचा आवाज बदलतो, दुसऱ्यात, म्हणजे डाउनपाइपमध्ये, इंजिनाचा श्वास मोकळा होतो. गंमत अशी की बहुतेकांना दुसरं हवं असतं आणि ते पैसे पहिल्यासाठी मोजून येतात.

आपल्याकडे हौसेने घेतलेले पिकअप म्हणजे मुख्यतः इसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स. पहिल्यात १.९ लिटर डिझेल, १६३ पीएस ताकद, दुसऱ्यात २.८ लिटर डिझेल, २०४ पीएस. दोन्हींना टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारं चाक, आहे, आणि पुढचा सगळा हिशेब या टर्बोभोवतीच फिरतो.

धूर जातो त्या वाटेने निघूया. सिलिंडरमधून मॅनिफोल्ड (सगळ्या सिलिंडरचा धूर एकत्र आणणारा भाग), तिथून टर्बो. टर्बोतून बाहेर पडणारा पहिला तुकडा म्हणजे डाउनपाइप. मग धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, आणि बीएस-६ डिझेलमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ. त्याच्यामागे लांब पाइप, सायलेन्सरचा डबा आणि टोक. कॅट-बॅक म्हणजे कन्व्हर्टर आणि डीपीएफ यांच्यामागचं सगळं. डाउनपाइपचं काम त्यांच्या पुढचं. गाडीखाली वाकून पाहिलं तर दोन्ही गंजलेले पाइपच दिसतात, म्हणून घोटाळा होतो.

टर्बो नेमका कशावर फिरतो हे कळलं की फरक लगेच उलगडतो. कोयनेचं वीजगृह आठवा. वरून येणाऱ्या पाण्याचा जोर महत्त्वाचा, पण काम झालेलं अवजल खाली तुंबून चाकापर्यंत चढलं तर तेच चाकाला अडवेल. टर्बोचं चाकही पुढच्या आणि मागच्या दाबातल्या फरकावरच जगतं. समजा चाकाआधी २.४ बार आणि चाकानंतर १.३ बार दाब आहे. प्रमाण झालं साधारण १.८५. मागचा दाब १.१५ वर आणला तर तेच प्रमाण २.०९ होतं. आकडे फक्त समजण्यापुरते आहेत, पण एवढ्याशा बदलाने चाक लवकर वेग घेतं आणि कमी आरपीएमला गाडी जड वाटत नाही.

हा मागचा दाब तयार होतो तो मुख्यतः कन्व्हर्टर आणि डीपीएफच्या बारीक जाळीत, आणि टर्बोला लागून असलेल्या वळणांत. तिथे वायू सर्वांत तापलेला, म्हणजे सर्वांत फुगलेला असतो. मागे जाता जाता तो थंड होतो, आकसतो आणि त्याच पाइपातून निवांत वाहतो. म्हणून मागचा पाइप सव्वादोन इंचांऐवजी अडीच इंचांचा केला, तर जागा २३ टक्क्यांनी वाढते खरी, पण गर्दी तिथे नव्हतीच. टोल नाक्यावर रांग आहे आणि आपण नाक्यापलीकडच्या रस्त्याला एक लेन वाढवतोय, असं ते काम.

मग अमेरिकेतल्या व्हिडिओंमध्ये कॅट-बॅक लावल्यावर गाडी पळते ती कशी? तिथला पेट्रोल व्ही-८ वेगळा प्राणी आहे. आठ सिलिंडरचा धूर टर्बोशिवाय थेट मागे येतो आणि मूळ डबा आवाज दाबण्यासाठी बराच अडथळा करतो. तो काढला की थोडी ताकद मिळते, आवाज तर भरपूर. ‘इंजिनाला थोडं बॅक प्रेशर लागतंच’ ही समजूतही अशाच टर्बोविना गाड्यांतून आली. इंजिनाला दाब कधीच नको असतो. त्याला वायूचा वेग हवा असतो. पाइप फार रुंद केला की वेग मरतो, आधी निघालेला वायू नंतरच्याला ओढून नेत नाही आणि खालच्या आरपीएमचा टॉर्क जातो. टर्बोच्या मागे ही ओढ कामाची नसते.

डिझेलमध्ये अजून एक मेख आहे. ताकद येते जाळलेल्या डिझेलमधून, आणि किती डिझेल टाकायचं हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो. पाइप कितीही मोकळा करा, ईसीयूचा नकाशा, म्हणजे कधी किती डिझेल टाकायचं याचा तक्ता, तोच राहिला तर कमाल पीएस जवळपास तेवढेच.

आता अडचणीची गोष्ट. बऱ्याच बीएस-६ गाड्यांत कन्व्हर्टर आणि डीपीएफ टर्बोला खेटूनच बसवलेले असतात. तिथे ‘डाउनपाइप बदलतो’ याचा अर्थ डीपीएफ काढतो, एवढाच. अमेरिकेत याला ‘डिलीट’ म्हणतात. तिथल्या पर्यावरण संस्थेने २०२० मध्ये अंदाज दिला होता की दशकभरात ५,५०,००० हून जास्त डिझेल पिकअपची प्रदूषण यंत्रणा अशी काढली गेली. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचना बदलू देत नाही आणि कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. कॅट-बॅकही यातून आपोआप सुटत नाही : आवाजाची मर्यादा ओलांडली तर कलम १९० आहे, दंड १०,००० पर्यंत. बुलेटच्या सायलेन्सरांवर पोलिसांनी रोलर फिरवल्याचे फोटो आपण पाहिलेलेच आहेत.

आवाजासाठीच कॅट-बॅक लावायचा असेल तर दोन गोष्टी पाहा. पाइप वाकवताना वळणावर चेपलेला नको. आतून-बाहेरून गोल राहिलेला, म्हणजे मँड्रेल बेंड हवा. आणि कोकण किनाऱ्यावर गाडी फिरत असेल तर खिशात लोहचुंबक ठेवा. ३०४ स्टीलला तो चिकटत नाही, स्वस्त ४०९ ला चिकटतो, आणि खाऱ्या हवेत त्यावर गंज लवकर दिसतो. घुमण्याचंही विचारून घ्या : चार सिलिंडरचं इंजिन २,००० आरपीएमला सेकंदाला सुमारे ६७ ठोके देतं, आणि डबा चुकीचा निवडला तर हायवेभर तो घूं-घूं आवाज केबिनमध्ये बसून येतो.

पण ‘गाडी ओढत नाही’ ही तक्रार असेल तर खर्चाआधी ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून डीपीएफच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक वाचा. रोज ऑफिस ते घर पाच किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत काजळी जाळायला लागणारी ६०० अंशांच्या आसपासची उष्णता तयारच होत नाही, आणि जाळी हळूहळू तुंबते. फरक जास्त दिसला तर रिजनरेशन, म्हणजे जाळीतली काजळी जाळणं, पूर्ण होईपर्यंत गाडी हायवेवर एकसारख्या वेगात चालवा, वाटल्यास थोड्या खालच्या गिअरमध्ये, आणि परत आल्यावर तोच आकडा पुन्हा वाचा.