तीन वर्षांच्या सरासरीत हरवलेली लाट

एप्रिल २०२१मध्ये कोविड झालेल्या गरोदर बाईसाठी ऑक्सिजनची खाट शोधत ज्याने रात्रभर फोन फिरवले, त्याला मातामृत्यूचा सरकारी तक्ता दाखवा. त्याचा विश्वास बसणार नाही. दर एक लाख जिवंत जन्मांमागे किती माता दगावल्या, याचा भारताचा आकडा २०१७-१९मध्ये १०३ होता. २०१८-२०मध्ये तो ९७ झाला आणि २०१९-२१मध्ये ९३. जिना उतरावा तसा शांतपणे उतरलेला. मग महासाथ गेली कुठे?

उत्तर त्या सालांच्या जोड्यांमध्येच आहे. मातामृत्यू ही आकडेशास्त्राच्या भाषेत विरळ घटना. नमुना नोंदणी योजना, म्हणजे एसआरएस, देशभरातल्या साधारण ८४ लाख लोकांवर लक्ष ठेवते. इतक्या लोकांत एका राज्यात एका वर्षात सापडणारे मातामृत्यू इतके थोडे असतात, की चार-दोन इकडचे तिकडे झाले तरी दर उड्या मारू लागतो. म्हणून तीन वर्षांची गोळाबेरीज करतात. पद्धत योग्यच आहे, पण तिच्यात एका वर्षाचा धक्का विरघळून जातो.

विरघळलेला धक्का थोडाफार गाळून काढता येतो, आणि त्याला शाळेतलं गणित पुरतं. महाराष्ट्राचा आकडा २०१८-२०मध्ये ३३ होता, २०१९-२१मध्ये ३८. दोन्ही गटांत २०१९ आणि २०२० ही वर्षं सामायिक आहेत. फरक एवढाच, की २०१८ बाहेर गेलं आणि २०२१ आत आलं. सरासरी पाचाने वाढायची तर बेरीज पंधराने वाढायला हवी. म्हणजे दर वर्षीचे जन्म साधारण सारखे धरले, तर २०२१चा दर २०१८पेक्षा पंधराने जास्त निघतो. मूळ आकडा तिशीतला असताना ही वाढ किरकोळ नाही.

हेच गणित एक पायरी मागे नेऊ. २०१७-१९मध्ये महाराष्ट्र ३८वर होता, तिथून ३३वर आला. तेव्हा २०१७ जाऊन २०२० आलं होतं. म्हणजे पहिल्या लाटेच्या वर्षात वाढ दिसत नाही, दुसऱ्या लाटेच्या, म्हणजे विषाणूच्या डेल्टा या उपप्रकाराच्या वर्षात दिसते. नमुना लहान असल्याने या पंधरात योगायोगाचाही वाटा असू शकतो, हे मान्य. पण रुग्णालयांतून आलेले आकडे त्याच दिशेला बोट दाखवतात.

मुंबईच्या नायर रुग्णालयाशी जोडलेल्या ‘प्रेगकोविड’ नोंदवहीत पहिल्या लाटेतल्या १,१४३ कोविडग्रस्त गरोदर आणि बाळंतिणींपैकी ०.७ टक्के दगावल्या. दुसऱ्या लाटेतल्या ३८७पैकी ५.७ टक्के. ही आठपट वाढ सगळी विषाणूच्या खात्यावर टाकू नये. पहिल्या लाटेत बाळंतपणाला आलेल्या बाईची चाचणी व्हायची आणि काही त्रास नसतानाही ती बाधित निघायची. दुसऱ्या लाटेत लक्षणं असलेल्यांचं प्रमाण दुप्पट झालं होतं. तरीही फरक उरतोच.

शरीराच्या बाजूने पाहिलं तर त्यात नवल नाही. शेवटच्या महिन्यांत वाढलेलं गर्भाशय श्वासपटलाला वर ढकलतं. श्वास सोडल्यावर फुप्फुसात शिल्लक राहणारी हवा कमी होते आणि ऑक्सिजनची गरज मात्र वाढलेली असते. थोडक्यात, गंगाजळी कमी आणि खर्च जास्त. त्यात गरोदरपणात रक्त गोठण्याकडे आधीच कल असतो, आणि कोविड तोच कल वाढवतो.

शिवाय विषाणू न शिवलेल्याही बायका आहेत. पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यात माहेरी जायचं ठरलेलं, तर टाळेबंदीत जिल्ह्याची हद्द ओलांडायला ई-पास हवा. माता-बाल संरक्षण कार्डावर वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिनचे रकाने असतात. त्यातले दोन महिने कोरे राहिले, तर चढलेला रक्तदाब झटके येईपर्यंत कुणाला कळत नाही. असा मृत्यू कोविडच्या यादीत येत नाही. मातामृत्यूत मात्र तो मोजला जातो. म्हणून मला हा आकडा कोविड-बळींच्या आकड्यापेक्षा प्रामाणिक वाटतो.

राज्याराज्यांत चित्र वेगळं आहे. २०१८-२० आणि २०१९-२१ हे दोन गट शेजारी ठेवले, तर केरळ १९वरून २०वर, तेलंगण ४३वरून ४५वर, मध्य प्रदेश १७३वरून १७५वर, पश्चिम बंगाल १०३वरून १०९वर गेलं. उलट आसाम १९५वरून १६७वर आणि उत्तर प्रदेश १६७वरून १५१वर उतरला. आसामात कोविड सौम्य होता असा याचा अर्थ नव्हे. जिथे रक्तस्राव आणि झटक्यांनी होणारे मृत्यू मुळातच खूप आहेत, तिथे ते कमी झाले की ती घट महासाथीची भर गिळून टाकते. केरळ-महाराष्ट्रात घटायला तेवढं उरलेलंच नव्हतं. अर्थात गुजरातलाही डेल्टाने सोडलं नव्हतं, आणि तरी तो ५७वरून ५३वर आला. तेव्हा या तक्त्याला विषाणूचा नकाशा समजू नये.

वर्षावर्षाचा हिशेब मांडणाऱ्या देशांत लाट उघडी दिसते. अमेरिकेत हा दर २०१९मध्ये २०.१ होता, २०२१मध्ये ३२.९ झाला आणि २०२२मध्ये २२.३वर परतला. त्यातही २०२१मध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांचा दर ६९.९ होता, गोऱ्या स्त्रियांचा २६.६. आपल्यासारखी सरासरी काढली असती तर तिथेही हे शिखर टेकडीएवढंच दिसलं असतं. ब्राझीलमध्ये हाहाकार इतका होता, की एप्रिल २०२१मध्ये आरोग्य मंत्रालयाच्या अधिकाऱ्याने शक्य असेल तर गर्भधारणा पुढे ढकला, असं जाहीरपणे सांगितलं.

आपल्याकडे २०१९-२१चा तक्ता प्रसिद्ध झाला मे २०२५मध्ये. लसीकरण १६ जानेवारी २०२१ला सुरू झालं होतं. गरोदर स्त्रियांना लस घेण्याची मुभा मिळाली २ जुलैला. तोवर दुसरी लाट ओसरत आली होती.