गाठ पूर्ण काढली, मग केमो कशाला?

लिव्हरमधल्या पित्तनलिकेच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मार्जिन क्लिअर आलं (कापलेल्या कडेला कॅन्सर नाही), स्कॅनमधे काही दिसत नाही, की घरचे विचारतातच, मग आता केमो कशाला? प्रश्न बरोबरच आहे. पण स्कॅनला अगदी बारीक पुंजके दिसत नाहीत आणि हा कॅन्सर परत उगवण्यात पटाईत, बरेचदा उरलेल्या लिव्हरमधेच.

म्हणून कॅपेसिटाबिनच्या गोळ्या देतात. 14 दिवस रोज दोनदा, मग 7 दिवस सुट्टी, अशा 8 सायकल.

आता माझा आवडता भाग. ही गोळी गिळताना औषध नसतेच, लिव्हरमधून जाताना ती बदलत जाते आणि शेवटची पायरी जे एन्झाइम करतं ते ट्यूमरमधे बरेचदा जास्त असतं. तिथे तयार होतं 5-फ्लुरोयुरॅसिल. हे जुनं औषध, 1957 सालचं, अमेरिकेतले संशोधक हायडेलबर्गर आणि सहकाऱ्यांचं. उंदरांच्या लिव्हरमधल्या गाठी युरॅसिल (आरएनएच्या चार अक्षरांपैकी एक) जास्त ओढतात हे आधी दिसलेलं होतं, मग यांनी त्याच युरॅसिलला एक फ्लोरीन जोडला.

डीएनएला थायमिन (त्याच्या चार अक्षरांपैकी एक, व्हिटॅमिन नव्हे) लागतं, आणि थायमिन म्हणजे पाचव्या कार्बनवर मिथाइल बसवलेलं युरॅसिल. थायमिडिलेट सिंथेज हे एन्झाइम तिथला हायड्रोजन काढतं, फोलेटकडून (हे बी गटातलं व्हिटॅमिन, फोलिक अ‍ॅसिड त्याचंच रूप) कार्बन घेऊन तिथे लावतं आणि पुढच्या कामाला मोकळं होतं. आपल्या औषधात नेमका त्याच जागी फ्लोरीन! आकाराने हायड्रोजनच्या जवळपास, त्यामुळे एन्झाइम फसून त्याला धरतं, फोलेटही येऊन चिकटतं, पण फ्लोरीन काही सुटत नाही, तिघं तिथेच अडकून बसतात. थायमिन संपलं की डीएनएची कॉपी करताना पेशी मरते. तोंडातल्या, आतड्यातल्या भराभर वाढणाऱ्या चांगल्या पेशीही सापडतात, म्हणून तोंड येणं, जुलाब.

फायदा किती? ब्रिटनच्या बिलकॅप ट्रायलमधे 447 पेशंट होते, गोळ्या घेणाऱ्यांचं मीडियन आयुष्य (निम्मे पेशंट याहून जास्त जगले) 51 महिने, न घेणाऱ्यांचं 36. पण मूळ हिशोबात हा फरक आकडेशास्त्राच्या कसोटीला थोडक्यात उतरला नाही, त्यामुळे 'रामबाण' वगैरे म्हणू नये. नंतर 2023 मधे जपानच्या ट्रायलमधे एस-1 या भावंड औषधाने तीन वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण 68 वरून 77 टक्क्यांवर गेलं, तेव्हा दिशा बरोबर आहे.

काहींच्या शरीरात हे औषध मोडणारं डीपीडी एन्झाइम जन्मतःच कमी असतं, त्यांना नेहमीचा डोस जीवावर बेतू शकतो, म्हणून आधी टेस्ट करून घेतलेली बरी. आणि ते 'लिव्हर डिटॉक्स'वाले फॉरवर्ड सोडून द्या, त्याने कॅन्सरची एक पेशी मरत नाही. ताकदीच्या म्हणून फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या तर मनाने अजिबात घेऊ नका, फोलेट वाढलं की एन्झाइम अजून घट्ट अडकतं, चांगल्या पेशींतलंसुद्धा.